'मुलगा पाहिजे, मुलगी पाहिजे' छापणं बंद करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान माझ्यासमोर आहे. मेडिकलच्या काउंटरला मुलगी पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात हेल्पर मुलगा पाहिजे. ऑफिसला फोन घ्यायला मुलगी पाहिजे, दिसायला नीटनेटकी. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळीकडं मुले पाहिजेत. अन् एका कोपऱ्यात म्हाताऱ्या आईच्या स्वयंपाकाला बाई पाहिजे, तिच्यापुढं जातीचं नाव छापलेलं, म्हणजे स्वयंपाक येतो का नाही हे नंतर, आधी जात. मी पेन घेऊन मोजलं तर त्या पानावर मला स्वतःला अर्ज करता येईल अशी, म्हणजे माझं शिक्षण अन् माझा अनुभव ज्याला लागू पडतो अशी चार कामं निघाली अन् चारही ठिकाणी मुलगा पाहिजे होता.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवते. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळतात, त्या खोलायच्या, जळकी कॉइल काढायची, स्लॉट साफ करून कागद घालायचा, नवी तार भरायची, वार्निश मारून वाळवायचं, बेअरिंग बघायचं. सोळा वर्षं झाली हे करायलेय. उन्हाळ्यात तर रात्री बारा-बारा वाजेस्तोर दुकान चालू असतं कारण लाईट रात्रीची अन् भुईमूग नाहीतर ऊस वाळायला लागलेला, शेतकरी तिथंच पायरीवर बसून असतो. इतक्या वर्षांनीसुद्धा नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, "मालक कुठं गेलेत?" मालक मीच आहे म्हणलं की माणूस मोटारीकडं बघतो, माझ्याकडं बघतो, मग म्हणतो बरं येतो मी थोड्या वेळानं. त्यातले अर्धे येतात, अर्धे येत नाहीत.

२००१ ला मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म परत दिला होता, पोरी चुकून भरलास का म्हणून, शिवणकामाची खिडकी पलीकडं आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दोन वर्षांनी मार्कं चांगले पडले, अन् तेव्हाच्या औरंगाबादला एका कंपनीचा कॉल आला. आमच्या बॅचची सहा मुलं अन् मी. मुलांना मेंटेनन्सला घेतलं, त्यातल्या चौघांना माझ्यापेक्षा कमी मार्क होते. मला म्हणले मेंटेनन्सला रात्रपाळी असते, तुम्ही कॉइलच्या लाईनला बसा. रात्रपाळीचं तेव्हा खरंच होतं, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम द्यायचं नाही असं लिहिलेलं होतं. पण दिवसपाळीला मेंटेनन्स काय बंद असतं का? ते विचारायची हिंमत तेव्हा नव्हती माझ्यात.

आता ही पुढची गोष्ट नीट वाचा साहेब, कारण माझं सगळं म्हणणं हिच्यातच आहे. कॉइलच्या लाईनवर सगळ्या मुली होत्या. साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे अन् सांगायचे, बायकांची बोटं नाजूक असतात, बारीक तार तुटत नाही, म्हणून वाइंडिंगला आम्ही मुलीच ठेवतो. आठ तास बसून, नगावर पैसे, सात महिने झाले की ब्रेक अन् पुन्हा नवा करार. पुढं लग्न झालं, मी गावाकडं आले, सासऱ्यांच्या ओळखीनं एका दुकानात काम मागायला गेले तर तिथं ऐकलं, वाइंडिंग हे बाईचं काम नाही, ताकद लागते. तार तीच. कंपनीत दुसऱ्यासाठी नगावर गुंडाळायची होती तेव्हा ते बाईचं काम होतं, अन् दुकानात स्वतःचा गल्ला असतो, गिऱ्हाईक नावानं हाक मारतं, तिथं तेच काम गड्याचं झालं. मला तेव्हा कळलं की काम बघून माणूस ठरवत नाहीत, पैसा अन् मान कुणाकडं जायला पाहिजे हे बघून कारण शोधतात. एकदा बोटं, एकदा ताकद.

माझ्याकडं एक पोरगा आहे कामाला, बौद्ध समाजाचा, दहावी झालेला, हात असा बसलाय त्याचा की पाच एचपीची मोटार डोळे झाकून भरील. दोन वर्षांमागं एका गावात विहिरीवर मोटार सोडायची होती, मी त्याला गाडीवर पाठवलं. तासाभरात फोन. शेतकरी म्हणले, ताई तुम्हीच या. मी म्हणलं का, पोराला काम येत नाही का? म्हणले तसं नाही, प्यायच्या पाण्याची विहीर आहे, घरातले लोक म्हणायलेत की आडनाव काय त्याचं. म्हणजे बघा, एरवी "मालक कुठं गेलेत" विचारणारी माणसं विहिरीत बाई उतरवायला तयार होती पण तो पोरगा नको. मी मराठ्याची आहे, लपवत नाही, माझ्या आडनावापाशी कुणी अडत नाही, मी अडते ती बाई म्हणून. तो पोरगा गडी आहे तरी अडतो. अन् त्याची बहीण, ती दोन्हीकडून अडते, बारावी सायन्स झालेली पोरगी सध्या नगरपालिकेच्या ठेकेदाराकडं झाडायला जाते कारण आई तिथं होती अन् आईच्या आधी आजी होती. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही की तुला काय येतं. मी तिला दुकानात ये म्हणलं होतं, तिची आई म्हणली, मावशी, तिथं वर्षभरात हातात काही तरी पडतं, तुमच्याकडं गिऱ्हाईकच परत गेलं तर? मला उत्तर देता आलं नाही.

बाबासाहेबांनी १९३६ लाच लिहून ठेवलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांची विभागणी आहे. अन् हे त्यांनी गिरणीत डोळ्यानं बघितलेलं होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता, पण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला, धागा भरताना तो तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलेलं सवर्ण कामगारांना चालायचं नाही, म्हणून तिथं दलित कामगाराला घ्यायचेच नाहीत. त्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवायचे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. लोक म्हणतात शहरात गेलं, कारखाना आला की जात जाते. कारखान्यात गेली नाही, खातं बदलून बसली.

माझी पोरगी संभाजीनगरला एम.ए. इकॉनॉमिक्स करायली. तिनं मला सांगितलं की सेम अशीच गोष्ट अमेरिकेतल्या कापड गिरण्यांची आहे, फरक इतकाच की तिथं जातीच्या जागी वंश. दक्षिण कॅरोलिना राज्यात १९१५ ला कायदाच केला की गिरणीच्या एका खोलीत गोऱ्या अन् काळ्या कामगारांनी मिळून काम करायचं नाही. म्हणून पन्नास वर्षं यंत्रावर जवळजवळ सगळे गोरे, अन् काळ्या माणसाला झाडलोट अन् गाठोडी वाहायचं काम. लोक म्हणायचे त्यांना यंत्र जमत नाही. १९६४ ला नागरी हक्क कायदा आला, नोकरीत वंश, रंग, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही म्हणून, अन् पुढच्या काही वर्षांत त्याच गिरण्यांत हजारो काळे कामगार, बायकासुद्धा, यंत्रावर उभे राहिले. पन्नास वर्षं जमत नव्हतं ते कायदा आल्यावर पाच वर्षांत कसं जमलं? जमत आधीपासूनच होतं.

पण मला तिच्या सांगण्यातलं जे जास्त लागलं ते पेपरांचं आहे, म्हणून तुम्हालाच पत्र लिहायलेय. अमेरिकेतल्या पेपरांत नोकरीच्या जाहिरातींचे वेगळे कॉलम असायचे, 'पाहिजेत पुरुष' अन् 'पाहिजेत स्त्रिया', अन् कितीतरी ठिकाणी गोऱ्यांना वेगळं, काळ्यांना वेगळं. १९६४ च्या कायद्यानं वंशाचे कॉलम बंद झाले, पण पुरुष-स्त्रियांचे कॉलम चालूच ठेवले, अन् कायदा बघणाऱ्या सरकारी आयोगानंसुद्धा सुरुवातीला त्याला हरकत घेतली नाही. म्हणजे वंशाचा भेद चूक आहे हे पटलं होतं, बाईचा भेद अजून 'सोय' वाटत होता. मग बायकांच्या संघटना पेपरांच्या ऑफिसांसमोर बोर्ड घेऊन उभ्या राहिल्या, १९६८ ला आयोगानं आपलं म्हणणं बदललं. पिट्सबर्गच्या एका पेपरानं तरी ऐकलं नाही, आमचं छापायचं स्वातंत्र्य आहे म्हणून कोर्टात गेला, अन् १९७३ ला तिथलं सुप्रीम कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी म्हणलं की बेकायदेशीर भेदाची जाहिरात छापणं हे काही पेपराचं स्वातंत्र्य होत नाही. पन्नास वर्षं होऊन गेली साहेब ह्याला.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. समान वेतन कायदा १९७६ चा, लोकांना वाटतं तो नुसता पगाराचा, पण त्याच्या पाचव्या कलमात भरती करताना बाईला डावलायचं नाही हेही लिहिलेलं आहे, अन् आता तो २०१९ च्या वेतन संहितेत आला तरी भरतीचं कलम तिथंही आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा, अस्पृश्यतेवरून कुणाला धंद्यात नाहीतर नोकरीत अडवलं तर तो गुन्हा आहे. कागद भरपूर आहे. पण जाहिरात छापायलाच कुणाला काही वाटत नसेल तर कायदा माहीत असून उपयोग काय.

काही वाचक म्हणतील की जड काम बाईला झेपत नाही म्हणूनच असं असतं, उगं कशाला वाद. त्यांनी दिवाळीनंतर बीड, परळी, माजलगाव, पाथरीच्या रस्त्यावर उभं राहून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर बघावेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधते अन् मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चालत ट्रकात टाकते, पहाटे चारपासून, तिच्याआधी स्वयंपाक अन् नंतर धुणं-भांडी वेगळी. मग ताकद नाही कुठं दिसली ह्यांना? उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं. एक दिवस आजारी पडलं, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून पाळीचा त्रासच नको म्हणून बायकांनी गर्भाशय काढून टाकली. २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. हे कागदावरचं आहे, माझं नाही.

अन् १९७२ चा दुष्काळ. माझी आजी सांगायची, खडी फोडायला गावातल्या सगळ्या बायका, मांडीवर लेकरू अन् हातात हातोडा. रोजगार हमीच्या कामावर बाई अन् गडी दोघांना एकाच दरानं पैसे, जितकी खडी तितके पैसे. तिथं कुणी म्हणलं नाही की बाईला झेपत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करायचा कार्यक्रम आला तेव्हा गावोगावच्या महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहायक नेमलं होतं, त्या भूकंपाला टिकणारं बांधकाम कसं करायचं ते शिकल्या, इतरांना सांगायच्या, काम बरोबर झालं का ते बघायच्या. मी त्यातल्या एका मावशींना औसा तालुक्यात भेटलेय, अजून भिंतीला हात लावून सांगतात कुठं काय चुकलंय. पण कार्यक्रम संपला अन् गवंडी पुन्हा गडीच, अन् बाई पुन्हा पाटी वाहायला.

पोरगी म्हणते की बार्बरा बर्गमन नावाच्या तिकडच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकातच हे मांडलंय, की बायकांना अन् काळ्यांना मोजक्याच कामांत कोंबलं की तिथं गर्दी होते अन् गर्दी झाली की दर पडतो. मला ते ऐकल्याबरोबर सोयाबीनची खुरपणी आठवली. आमच्या शिवारात ह्या वर्षी खुरपणीला बाईला तीनशे होते अन् फवारणीला गड्याला पाचशे, अन् गड्याचं काम दुपारीच उरकतं. विचारलं तर म्हणतात पंप पाठीवर असतो, औषधाचा धोका आहे. बरं मग पंपाला पाणी कोण आणून देतं, औषध मारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी अनवाणी कोण जातं? खुरपणीचा दर वाढत नाही कारण गावातल्या सगळ्या बायकांना तेवढंच काम आहे, एक नाही म्हणली तर दहा उभ्या. वर खुरपं सोडून फवाऱ्याला हात लावायचा म्हणलं की आजूबाजूचे हसतात. अन् आता तणनाशक आलं, ते मारायला गडी, म्हणजे खुरपणी होती तोवर बाईची होती, तिला मशीन अन् औषध लागलं की काम गड्याकडं गेलं. हार्वेस्टरचंही तेच. मशीन चालवायला बाई कुठं बघितलीय का तुम्ही?

सरकारची आकडेवारी सांगते की पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या नाहीतर काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं ते २०२३-२४ ला ४१.७ टक्के झालं. चांगलं दिसतं. पण गावाकडच्या कामकरी बायकांतल्या चारातल्या तीन अजून शेतीतच आहेत. बाकी राहिलं ते आशाताई अन् अंगणवाडी, तिथं बाईच पाहिजे असा नियम, अन् पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. बाईच्या कामाला मान देतात, धनाचं तेवढं बघत नाहीत.

दार उघडलं की काय होतं तेही दिसलंय. सिनेमाच्या धंद्यात कितीतरी वर्षं मेकअप पुरुषांनीच करायचा अन् बायकांनी फक्त केस बघायचे असा संघटनेचाच नियम होता, एका मेकअप करणाऱ्या बाई कोर्टात गेल्या अन् २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तो मोडला. २०२३ ला एसटीच्या स्टेअरिंगवर पहिल्यांदा बाई बसली. अन् ऑक्टोबर २०२४ चा निकाल तर प्रत्येकानं वाचावा असा आहे, तुरुंगात कैद्यांना जात बघून काम द्यायचे, वरच्या जातीला स्वयंपाक अन् खालच्या जातीला झाडू, कितीतरी राज्यांच्या तुरुंगाच्या नियमांत हे लिहिलेलं होतं. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी ते बाहेर काढलं अन् सुप्रीम कोर्टानं ते नियम रद्द केले. तुमच्याच पेशातल्या बाई आहेत त्या साहेब. तुरुंगात जे चालत नाही ते तुमच्या पानावर कसं चालतं? त्या जाहिरातीतली म्हातारी आई जातीचा स्वयंपाक मागते, अन् तुम्ही शब्दाचे पैसे घेऊन ते छापता.

मी हे रागानं लिहायले, पण तुमचा पेपर मी शाळेपासून वाचते. दुष्काळात टँकरच्या बातम्या तुम्हीच लावून धरल्या होत्या, आमच्या गावची लाईन तुमच्या बातमीनं आली. म्हणून सांगावंसं वाटतं. जाहिरातीत कामाचं नाव लिहा, शिक्षण लिहा, पगार लिहा, वेळ लिहा. मुलगा-मुलगी अन् जात ह्या दोन गोष्टी काउंटरवरच खोडायला सांगा. लगेच सगळे बदलतील असं मी म्हणत नाही, माणूस फोनवर विचारायचं ते विचारीलच, आडनाव तर विचारीलच. पण आयटीआयची एखादी पोरगी निदान फोन तरी करील. छापलेलं वाचून ती फोनच करत नाही, मला माहीत आहे, मी केला नव्हता.

ह्या पत्रासोबत माझ्या दुकानाची जाहिरात अन् पैसे पाठवलेत. मागच्या महिन्यात तुमच्या इथल्या एजंटकडं हीच जाहिरात दिली होती, त्यानं दोनदा विचारलं, ताई मुलगा लिहू का मुलगी, मी म्हणलं काहीच लिहू नको, तर छापून आली तेव्हा 'हेल्पर मुलगा पाहिजे' असं आलं. तीन मुलं आली, तीनही चांगली, पण ज्या पोरीसाठी मी ती दिली होती तिनं वाचून मला फोन करून विचारलं की मावशी, मग मी येऊ का नको. ह्या वेळी खाली लिहिलंय तसंच छापा, एक शब्द वाढवू नका.

पाहिजेत. मोटार रिवाइंडिंग शिकायला दोन जण. दहावी पास, आयटीआय असेल तर आधी घेऊ. पहिले सहा महिने शिकताना रोज चारशे, नंतर कामाप्रमाणे. बाई-गडी दोघांना एकच दर. आडनाव विचारलं जाणार नाही.

आपली,
मोटार रिवाइंडिंगवाली एक वाचक
जि. परभणी